कोणाचे, कुठले, केव्हाचे? : शालेय प्रकल्प आणि ऋणनिर्देशाचा संस्कार

पदव्युत्तर वर्गांना शिकविणाऱ्या अध्यापकाने शालेय प्रकल्पांविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु विद्यापीठात ज्या एका दोषाचे निवारण करण्यात आमचा बराच वेळ खर्ची पडतो, त्याचे मूळ विद्यापीठात नसून शाळेच्या पाचवी-सहावीच्या वर्गात आहे, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून हे धाडस.

काही वर्षांपूर्वी एका संशोधक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मला वाचावयास दिले. भाषा प्रौढ होती, मांडणी नेटकी होती. तिसऱ्या पानावरील एक परिच्छेद मात्र ओळखीचा वाटला. शोध घेतला तेव्हा तो एका जुन्या समीक्षाग्रंथातील निघाला. चार-दोन शब्द बदललेले होते आणि ग्रंथकाराचे नाव कोठेही नव्हते. मी त्याला बोलावून विचारले. तो ओशाळला नाही, गोंधळला. म्हणाला, "सर, शाळेपासून आम्ही असंच करत आलो. त्याबद्दल शाबासकीच मिळाली." तो खोटे बोलत नव्हता, हेच त्या उत्तरातील दुःख होते.

विद्यापीठाच्या पातळीवर या गोष्टीला वाङ्मयचौर्य म्हणतात आणि तिच्यासाठी शासन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. त्यापुढे साम्य वाढेल तसे लेखन दुरुस्त करून पुन्हा सादर करणे, वर्षभर सादर करण्यास बंदी, आणि साम्य साठ टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होणे, अशा चढत्या पायऱ्या आहेत. ही व्यवस्था आवश्यक असेल. पण जी सवय बारा वर्षे गुण देऊन जोपासली, तिच्यासाठी पुढे एकाएकी दंड करावा, यात शिक्षणव्यवस्थेची विसंगती आहे. विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी आपण त्याला काय शिकविले, हे पाहणे न्याय्य ठरेल.

प्रकल्पाची रीत आणि तिची विपरीतता

प्रकल्पामागील कल्पना मुळात फार चांगली आहे. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीची मांडणी केली. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी पुढे ठेवलेल्या नई तालीमच्या मुळाशीही हाताने काम करीत शिकण्याचे तत्त्व होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सर्व शाळांतून सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि त्या विषयाच्या निमित्ताने प्रकल्पवही अनेक घरांत शिरली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञानाची सांगड शाळेबाहेरील जीवनाशी घालण्यावर भर दिला. मुलाने स्वतः पाहावे, विचारावे, मोजावे आणि मग लिहावे, अशी ही अपेक्षा होती.

प्रत्यक्षात काय घडते, ते प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. प्रकल्प उद्या द्यावयाचा असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात विषयवार चित्रांचे छापील तक्ते मिळतात. त्यांतील चित्रे कापून चिकटवावयाची, मजकूर संगणकावरून छापून घ्यावयाचा किंवा सुवाच्य अक्षरात उतरवावयाचा, कडेने रंगीत पट्टी ओढावयाची. शेवटच्या पानावर "संदर्भ" असे शीर्षक देऊन त्याखाली "इंटरनेट" एवढा एकच शब्द लिहिला, की काम पूर्ण झाले. "इंटरनेट" हा संदर्भ म्हणजे "हे पाणी कोठून आणले?" या प्रश्नाला "जमिनीतून" असे उत्तर देण्यासारखे आहे. उत्तर असत्य नाही; पण त्या उत्तरावरून विहीर सापडत नाही.

याहून गमतीची गोष्ट पहिल्या पानावर असते. तेथे "ऋणनिर्देश" असतो. आदरणीय मुख्याध्यापकांनी संधी दिली, विषयशिक्षकांनी अमूल्य मार्गदर्शन केले, आईवडिलांनी प्रोत्साहन दिले, अशी वाक्ये ओळीने येतात. अनेक वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर हा ऋणनिर्देशच सर्वांत अधिक उतरविलेला आढळतो. ज्यांचे वाक्य घेतले, चित्र घेतले, आकडे घेतले, त्यांपैकी एकाचेही नाव त्यात नसते. ज्या पानावर प्रामाणिकपणाचा आरंभ व्हावा, तेथेच मूल उपचार शिकते: आभार मानावयाचे ते अधिकाऱ्यांचे, आणि घेतलेले मात्र सांगावयाचे नाही.

एका प्रश्नाची तीन उत्तरे

विद्यापीठाच्या गावातील एका शाळेत भरलेल्या प्रकल्प-प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग मला आला. महाराष्ट्रापासून दूर असलेली ती शाळा. तरीही "भारतातील स्त्रीशिक्षण" या विषयावरील तक्त्यांत सावित्रीबाई फुले यांचे चित्र अग्रभागी होते, याचा आनंद वाटला. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा केव्हा सुरू केली, याविषयी मात्र तीन तक्त्यांवर तीन तारखा होत्या. पहिल्यावर १ जानेवारी १८४८, दुसऱ्यावर ऑगस्ट १८४८, तिसऱ्यावर ३ जुलै १८५१. तिन्ही मुले आपापल्या तारखेविषयी निःशंक होती. कारण ती तारीख कोणाची, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी विचारले, "यांतली बरोबर कोणती?" मला वाटते, खरा प्रश्न तो नव्हता. भिडे वाड्यातील शाळेविषयी निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या तारखा दिल्या आहेत. पहिले दोन तक्ते त्या मतभेदाची दोन टोके दाखवीत होते. तिसऱ्या तक्त्यावरील तारीख चुकीची नव्हतीच. ती चिपळूणकर वाड्यात पुढे निघालेल्या शाळेची होती. म्हणजे तीन मुलांपैकी कोणी चुकले नव्हते, तसे कोणी जाणलेही नव्हते. प्रत्येकाने आपल्या तारखेखाली "अमुक लेखकाच्या अमुक चरित्रग्रंथातून" एवढी ओळ लिहिली असती, तर तिन्ही तक्ते परस्परांशी बोलू लागले असते. मतभेद आहे, तो का आहे, दोन शाळा होत्या काय, हे प्रश्न मुलांनीच विचारले असते. वरच्या वर्गातील एखादा जिज्ञासू विद्यार्थी जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनापर्यंतही पोहोचू शकला असता. आणि तेथे स्वतः जोतीरावांनी अंदाजाने सांगितलेले वर्ष या तिन्ही तारखांहून वेगळे आहे, हे पाहून मूळ साधनही तपासूनच घ्यावे लागते, हा आणखी मोठा धडा शिकला असता.

संदर्भ देण्याचे पहिले प्रयोजन हे आहे. चोरीचा आळ टाळणे, हे प्रयोजन दुय्यम होय. संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेला परतीचा रस्ता. मी येथे कसा आलो, हे सांगितले म्हणजे दुसऱ्याला त्या वाटेने जाऊन माझे म्हणणे पडताळता येते, आणि मी वाट चुकलो असेन तर कोठे चुकलो, हेही सांगता येते. ज्या विधानाचा माग काढता येत नाही, ते खरे असले तरी ज्ञान होत नाही. ती केवळ ऐकीव गोष्ट राहते.

"आजी म्हणजे पुस्तक नाही"

त्याच प्रदर्शनात दुसऱ्या एका मेजावर आठवीतील मुलीचा "अन्न टिकविण्याच्या पद्धती" हा प्रकल्प होता. तीन पिढ्यांपूर्वी नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील ही मुलगी. मीठ, साखर, तेल, शीतकरण वगैरेंवरील चार पाने छापील आणि निर्जीव होती. शेजारच्या दोन वह्यांतही तीच होती. पाचव्या पानावर मात्र हाताने लिहिलेला अर्धा परिच्छेद होता आणि तो कुरडयांविषयी होता. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, मग वाटून चीक काढावयाचा. तो खाली बसला की वरचे पाणी ओतून द्यावयाचे. शिजविलेला चीक सोऱ्यातून पाडावयाचा आणि कडक उन्हात वाळवावयाचा. वाळवण घालण्याच्या दिवशी आभाळ आले तर कुरडई आंबते, म्हणून हे काम उन्हाळ्यातच करतात, असेही तिने लिहिले होते. ओलावा आणि जंतू यांच्या संबंधाविषयी छापील चार पानांत नव्हते इतके या अर्ध्या परिच्छेदात होते.

मी विचारले, "हे कुठून घेतलंस?" ती घाबरली. मग हळूच म्हणाली, "आजीनं सांगितलं." "मग शेवटच्या पानावर आजीचं नाव का नाही?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की हा प्रश्नच तिला विचित्र वाटला असावा. "पण सर, आजी म्हणजे पुस्तक नाही ना."

या उत्तरात आपल्या शिक्षणाचा एक मोठा अपराध सामावलेला आहे. जे छापलेले किंवा पडद्यावर उमटलेले, तेच ज्ञान. आणि घरातील वृद्ध स्त्रीने पन्नास उन्हाळे राबून मिळविलेले ते ज्ञान नव्हे, अशी समजूत त्या मुलीने कोठून तरी उचलली होती. जे उतरविले ते तिने उजळ माथ्याने मांडले, आणि जे खरोखर विचारून, ऐकून मिळविले, त्याचा उगम मात्र लपविला. श्रेय देण्याची शिस्त शिकविताना आपण केवळ लेखक-प्रकाशकांच्या हक्काचे रक्षण करीत नाही. ज्ञानाचा धनी कोणकोण असू शकतो, याविषयीची मुलाची कल्पना आपण घडवीत असतो. आजीचे नाव लिहिणे हा भावनेचा प्रश्न नाही. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, सांगितल्याची तारीख आणि नाव छापण्यास त्या व्यक्तीची संमती, एवढे लिहिले की मौखिक माहिती हाही एक रीतसर संदर्भ होतो. त्या मुलीला मी तसे सांगितले. आजीचे मूळ गाव तिला ठाऊक नव्हते. घरी जाऊन विचारीन, म्हणाली.

परंपरेचा दाखला

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही तळटीपांची आणि अवतरणचिन्हांची शिस्त पाश्चात्त्यांची. आपली परंपरा पाठांतराची आणि अनुकरणाची, तेथे "माझे-तुझे" नव्हतेच, असे म्हटले जाते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला हे विधान मान्य करणे कठीण आहे. तळटीप ही छापखान्याच्या युगातील सोय होय, हे खरे. पण उगम सांगण्याची निष्ठा आपल्याकडे फार जुनी आहे.

बाणभट्टाने सातव्या शतकात हर्षचरिताच्या आरंभीच इतरांची अक्षरे फिरवून आणि रचनेच्या खुणा झाकून लिहिणाऱ्या कवीला चोर म्हटले आहे, आणि तो जाणत्यांच्या सभेत ओळखला जातो, असे बजावले आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत शब्दांची आणि अर्थाची उसनवारी किती प्रकारची असते, याचे प्रकरणेच्या प्रकरणे विवेचन केले. कोणती उसनवारी क्षम्य आणि कोणती निंद्य, असा भेदही केला. अनुकरण होते, म्हणूनच त्याचा विवेकही होता.

मराठीपुरते बोलावयाचे तर ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या समाप्तीकडे येताना आपण व्यासांचा माग घेत आणि भाष्यकारांना वाट विचारीत आलो, असे नम्रपणे सांगितले, आणि आपली गुरुपरंपराही नोंदविली. परतीच्या रस्त्याची जी उपमा मी वर वापरली, तिचे मूळ तेथेच आहे. महानुभाव पंथाचे उदाहरण तर आमच्या विषयाला तंतोतंत लागू पडते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ ग्रंथ नष्ट झाला, तेव्हा अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. आणि कोणाच्या आठवणीत कोणता पाठ, हे नावानिशी नोंदवून ठेवले. त्यांतील एका पाठाला "हिराइसा पाठ" म्हणतात. हिराइसा ही स्त्री. तिने तो ग्रंथ आपल्या स्मरणात जतन केला होता. आजी म्हणजे पुस्तक नाही, असे म्हणणाऱ्या मुलीला हे सांगावयास हवे, की सुमारे सातशे वर्षांपूर्वी मराठी माणसाने एका स्त्रीच्या स्मरणाला ग्रंथाचे प्रामाण्य दिले आणि त्यावर तिचे नाव घातले.

उलट जेथे ही खूण धूसर झाली, तेथे अभ्यासकांना केवढे श्रम पडले, हेही आपल्याच वाङ्मयात दिसते. संत नामदेव आणि त्यांच्या नंतर सुमारे दोन शतकांनी झालेला विष्णुदास नामा यांची रचना एकमेकींत मिसळून गेली, आणि ती निरनिराळी करण्यासाठी संशोधकांना भाषेचा, संदर्भांचा आणि हस्तलिखितांचा बारकाईने विचार करावा लागला. नाव हरवले की काळ हरवतो. काळ हरवला की अर्थही डळमळतो.

"स्वतःच्या शब्दांत" म्हणजे काय?

शिक्षक मुलांना सांगतात, "उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा." ही सूचना योग्य आहे, पण अपुरी आहे, आणि मराठीत तर ती धोक्याचीही आहे. आपल्या भाषेत जवळजवळ प्रत्येक घरगुती शब्दाला एक संस्कृत जुळा आहे. त्यामुळे विचाराला यत्किंचितही हात न लावता वाक्याचा वेष बदलता येतो. उदाहरणासाठी एक वाक्य रचून पाहू: "पावसाचे पाणी जमिनीत मुरले नाही, तर विहिरींचे झरे आटतात आणि उन्हाळ्यात गावाला टँकरवर अवलंबून राहावे लागते." हुशार विद्यार्थी याचे "पर्जन्याचे जल भूमीत मुरले नाही, तर कूपांचे स्रोत आटतात व ग्रीष्मात ग्रामस्थांना टँकरचा आधार घ्यावा लागतो" असे करतो आणि आपण स्वतःच्या शब्दांत लिहिले, असे समजतो. बाणभट्टाने सांगितलेली अक्षरे फिरविण्याची युक्ती ती हीच.

आता तिसरा प्रकार पाहा: "अमुक लेखकाच्या मते पाणी मुरले नाही की विहिरी आटतात. आमच्या वसाहतीतील विहिरीला मात्र गेल्या उन्हाळ्यातही पाणी होते; तिच्या शेजारी मोठे मैदान आहे, हे त्याचे कारण असावे." येथे दोन आवाज स्पष्ट ऐकू येतात. लेखकाचे नाव घेतल्यामुळेच मुलाचे स्वतःचे निरीक्षण उठून दिसले. संदर्भ दिल्याने आपले काम कमी दिसेल, अशी मुलांना भीती वाटते. वस्तुतः उसने कोणते, हे सांगितल्यावाचून स्वतःचे कोणते, हे दाखविताच येत नाही.

याच संदर्भात अनुवादकाचा उल्लेख करणे माझ्या विषयामुळे मला भाग आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाने वाचल्या त्या मुख्यतः मामा वरेरकरांच्या मराठीत. बंगाली न जाणणारा विद्यार्थी जेव्हा शरच्चंद्रांचे वाक्य म्हणून एखादे मराठी वाक्य देतो, तेव्हा ते शब्द वरेरकरांचे असतात. दोन्ही नावे न दिल्यास अर्धे ऋण बुडाले. बहुभाषिक भारतात, जेथे एका प्रांताची गोष्ट दुसऱ्या प्रांतात अनुवादकाच्या खांद्यावर बसून येते, तेथे ही सवय शाळेतच लागली पाहिजे.

कायद्याची आणि या शिस्तीची गल्लतही टाळली पाहिजे. रवींद्रनाथ १९४१ मध्ये निवर्तले. भारतीय कायद्यातील स्वामित्वहक्काची मुदत १९९२ मध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नासऐवजी साठ वर्षे झाल्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्क २००१ च्या अखेरीस संपला. आज ते कोणीही छापू शकतो. पण म्हणून रवींद्रनाथांचे नाव गाळून ते आपले म्हणून कोणी मिरवू शकत नाही. परवानगीचा प्रश्न कालांतराने मिटतो. ऋणाचा मिटत नाही.

वर्गात काय करता येईल

ही शिस्त एका दिवसात किंवा एका नियमपत्रकाने लागणार नाही. वयाच्या मानाने ती वाढवीत न्यावी लागेल. पाचवी ते सातवीच्या मुलांना तीन प्रश्न पुरेत: कोणाचे, कुठले, केव्हाचे? पुस्तक असल्यास लेखकाचे व पुस्तकाचे नाव आणि वर्ष. माणूस असल्यास नाव, गाव आणि तारीख. चित्र असल्यास ते कोणी काढले व कोठून घेतले. आठवी ते दहावीत प्रकाशक आणि पृष्ठांक यांची भर घालावी, संकेतस्थळाच्या बाबतीत त्या पानाचे शीर्षक आणि ते पाहिल्याचा दिनांक लिहावयास सांगावे, आणि जसेच्या तसे घेतलेले वाक्य अवतरणचिन्हांत ठेवण्याचा सराव द्यावा. त्यानंतर संदर्भसूचीची एक ठरावीक पद्धत शिकवावी. कोणती, हे महत्त्वाचे नाही, ती आरंभापासून अखेरपर्यंत एकच असावी.

टिपणकार्डाची जुनी पद्धत अद्यापही उत्तम आहे. प्रत्येक माहितीसाठी एक कार्ड. वरच्या कोपऱ्यात स्रोत, मध्ये माहिती, खाली मुलाचा स्वतःचा प्रश्न. प्रकल्पाबरोबर ही कार्डेही तपासावीत आणि त्यांना गुण असावेत. जोपर्यंत गुण कडेच्या रंगीत पट्टीला मिळतात, तोपर्यंत मुले पट्टीच ओढणार. सर्वच गोष्टींना संदर्भ लागत नाही, हेही सांगावे. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, यासाठी कोणाचा हवाला देण्याचे कारण नाही. जेथे मतभेद संभवतो, आकडा येतो, एखाद्याचे विशिष्ट मत किंवा शब्दयोजना येते, तेथे नाव हवे.

चांगले नमुनेही मुलांच्या आवाक्यात आहेत. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली संदर्भग्रंथ असतात आणि नोंद लिहिणाऱ्याचे नावही असते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात एखादा शब्द कोठे वापरला गेला, हे संक्षेपाने दिलेले असते. असे एक पान वर्गात उघडून "हे संक्षेप कशासाठी?" एवढे विचारले, तरी तासभराची चर्चा होऊ शकेल.

मात्र सर्वांत प्रभावी नमुना शिक्षकाचा स्वतःचा. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो. त्याखाली बहुधा नाव नसते, आणि असते तेव्हा ते कोणातरी थोर पुरुषाचे अंदाजाने घातलेले असते. त्या फळ्यासमोरून दिवसातून चार वेळा जाणाऱ्या मुलाला संदर्भाचे महत्त्व व्याख्यानाने पटणार नाही. शिक्षकाने "हे मी अमक्या पुस्तकात वाचले", "हे मला ठाऊक नाही, पाहून सांगतो" असे वर्गात सहज म्हणावे. गायक गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरतो, ती खूण शिष्याला कोणी शिकवीत नाही. तो ती पाहून उचलतो.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. २०२२ च्या अखेरीपासून विचारलेल्या प्रश्नावर सलग, सफाईदार मजकूर लिहून देणारी संगणकयंत्रे सर्वांच्या हाती आली. त्यांचा मजकूर कोणाही एका ग्रंथातून जसाच्या तसा उचललेला नसल्यामुळे साम्य मोजणाऱ्या साधनांना तो अनेकदा सापडत नाही. आणि संदर्भ मागितल्यास अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे नावही ही यंत्रे कधीकधी आत्मविश्वासाने सांगतात. केवळ पकडले जाण्याच्या भीतीवर उभारलेली शिस्त येथे कोलमडते. "कोणाचे, कुठले, केव्हाचे?" हे तीन प्रश्न मात्र तसेच टिकून राहतात. यंत्राला विचारले असेल, तर तसे लिहावे. त्याने सांगितलेला ग्रंथ खरोखर हाती घेऊन पाहावा. आणि ज्याच्या मागे माणूस, ग्रंथ किंवा स्वतःचे निरीक्षण सापडत नाही, ते विधान गाळावे.

आरंभी ज्या संशोधक विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याची हकिगत सांगून हा लेख संपवितो. त्याला मी शिक्षा केली नाही. प्रकरण परत दिले आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कोणाचे, हे समासात लिहून आणावयास सांगितले. तीन आठवड्यांनी तो परत आला. बत्तीस पानांपैकी स्वतःची अशी दीडच पाने उरली होती, आणि तो खजील झाला होता. मी ती दीड पाने वाचली. त्यांत एका कादंबरीतील बोलीविषयी त्याने स्वतः केलेले एक निरीक्षण होते. ते मी पूर्वी कोठे वाचले नव्हते. पहिल्या वाचनात ते उसन्या परिच्छेदांच्या गर्दीत मला दिसलेही नव्हते. त्याचा प्रबंध पुढे त्या दीड पानांतून उभा राहिला. ती दीड पाने त्याला सातवीतच सापडली असती, तर बरे झाले असते.